आदेशाच्या पलीकडचे पाऊल : लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांचे नेतृत्व

मानसी_दादर

१९७१ च्या युद्धाचा विषय निघाला की आपल्याकडे सर्वप्रथम माणेकशा यांचे नाव घेतले जाते, आणि ते रास्तच आहे. मात्र ढाक्याच्या शरणागतीच्या छायाचित्रात मागे उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांपैकी एकाबद्दल मराठीत फारच कमी लिहिले गेले आहे, अशी माझी बऱ्याच दिवसांची खंत आहे. ते अधिकारी म्हणजे चौथ्या कोअरचे (कोअर म्हणजे अनेक डिव्हिजनांचा सैन्यगट) प्रमुख लेफ्टनंट जनरल सगतसिंग. बिकानेर संस्थानच्या गंगा रिसाल्यातून सुरुवात करून, संस्थानी फौजा विलीन झाल्यावर गोरखा रायफल्समध्ये आलेला हा माणूस पुढे तीन वेगवेगळ्या रणभूमींवर निर्णायक ठरला.

१९६१ मध्ये गोव्यात त्यांच्या ५० पॅराशूट ब्रिगेडकडे दुय्यम कामगिरी होती. मुख्य चढाई मेजर जनरल कँडेथ यांच्या सतराव्या डिव्हिजनची होती. प्रत्यक्षात पणजीत आधी पोहोचली ती सगतसिंगांची ब्रिगेड. १९६५ मध्ये सिक्कीममधील नथु ला सोडून मागे येण्याची सूचना असताना त्यांनी ती खिंड सोडली नाही. १९७१ मध्ये त्यांच्या कोअरला मेघना नदीच्या पूर्वेकडील मुलूख घ्यायचा होता, आणि ढाका त्यांच्या कामगिरीत नव्हते. तरीही त्यांनी हेलिकॉप्टरने सैन्य नदीपार उतरवले आणि ढाक्याची वाट मोकळी केली.

तिन्ही वेळा त्यांनी दिलेल्या कामगिरीची रेषा ओलांडली, आणि तिन्ही वेळा परिणाम देशाच्या बाजूने लागला. माझा प्रश्न असा आहे की, याला आपण नेतृत्व म्हणावे की यश मिळाले म्हणून माफ झालेली अवज्ञा म्हणावे? माझे स्वतःचे मत नेतृत्वाच्या बाजूने आहे, पण ते केवळ निकाल पाहून बनलेले नसावे अशी माझी इच्छा आहे.

पलटणवाला

मानसीताई, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी पायदळात नोकरी केली आणि आता मुलुंडला स्थायिक आहे, त्यामुळे जे लिहितो ते त्या चष्म्यातून आहे हे ध्यानात घ्यावे.

लष्करी आदेशात कामगिरी काय, हे जसे लिहिलेले असते तसा वरिष्ठांचा हेतूही अभिप्रेत असतो. गोव्यात हेतू पणजी घेण्याचा होता. एखाद्या ब्रिगेडने आपला नेमून दिलेला टप्पा अपेक्षेआधी गाठला आणि समोरचा शत्रू मोडलेला आहे हे तिला दिसले, तर तिथेच तळ ठोकून बसणे हा त्या हेतूचाच घात ठरतो. सगतसिंगांनी हेतूशी इमान राखले. अवज्ञा त्याला म्हणतात ज्यात माणूस वरिष्ठांच्या हेतूविरुद्ध जातो.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ते पुढे जायचे तेव्हा स्वतः पुढे असायचे. १९७१ मध्ये त्रिपुरातील तेलियामुड्याच्या मुख्यालयात नकाशासमोर बसून त्यांनी युद्ध चालवले नाही. ते रोज हेलिकॉप्टरने आघाडीवर जात. अशाच एका टेहळणीत त्यांच्या हेलिकॉप्टरवर खालून गोळीबार झाला आणि वैमानिक जखमी झाला. परत आल्यावर त्यांनी दुसरे हेलिकॉप्टर घेऊन पाहणी सुरूच ठेवली, असे त्या काळातील अधिकारी सांगत. जमीन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने आदेशापलीकडे जाणे आणि दूर बसलेल्या माणसाने जाणे, या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नकाशाप्रेमी

नथु लाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तिथला मुद्दा नकाशाशिवाय कळत नाही.

१९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध चालू असताना चीनने सिक्कीमच्या सीमेवरील चौक्यांवरून निर्वाणीचा इशारा दिला होता. आपल्या योजनेनुसार नथु ला आणि जेलेप ला या खिंडींमधील ठाणी केवळ पुढची निरीक्षण ठाणी होती आणि मुख्य बचावफळी बरीच मागे होती. त्यामुळे प्रसंग आल्यास ही ठाणी सोडावीत, असे ठरलेले होते. शेजारच्या डिव्हिजनने त्याप्रमाणे जेलेप ला सोडली आणि चिनी सैन्याने ती लगेच व्यापली. सगतसिंगांच्या सतराव्या माउंटन डिव्हिजनकडे नथु ला होती. ती पाणलोटरेषेवर आहे, तिथून समोरच्या खोऱ्यात लांबवर नजर पोहोचते, आणि ती एकदा दिली की आपण खाली आणि शत्रू वर अशी कायमची स्थिती होईल, हा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांनी ठाणे सोडले नाही.

याचे मोल दोन वर्षांनी कळले. सप्टेंबर १९६७ मध्ये आपले जवान सीमेवर काटेरी तारांचे कुंपण घालत असताना चिनी सैन्याने गोळीबार सुरू केला. तेव्हा सेबू ला आणि कॅमल्स बॅक या उंच जागांवरून आपल्या तोफखान्याच्या निरीक्षकांना चिनी मोर्चे स्पष्ट दिसत होते. चार दिवस चाललेल्या त्या चकमकीत आपल्या तोफांनी जो अचूक मारा केला, तो खिंड हातात असल्यामुळेच शक्य झाला. १९६२ च्या पराभवानंतर अवघ्या पाच वर्षांनी हे घडले. मला हा प्रसंग ढाक्याइतकाच मोठा वाटतो.

अश्वत्थ

सर्वांचा आदर राखून वेगळे मत मांडतो. १९६७ चा विषय आपण तोफखान्याच्या यशापाशी थांबवतो, पण त्याची सुरुवात आठवावी. ११ सप्टेंबरच्या सकाळी २ ग्रेनेडियर्सचे जवान आणि अभियंते उघड्यावर तारा लावत होते. चिनी मशीनगन सुरू झाल्या तेव्हा त्यांना आडोसा नव्हता. कर्नल रायसिंग गंभीर जखमी झाले. मेजर हरभजनसिंग आणि कॅप्टन डागर यांना वीरमरण आले. नथु ला आणि त्यानंतरची चो ला या दोन्ही चकमकी मिळून आपले ८८ जवान गेले. कुंपणाचा आग्रह धरताना समोरून गोळी चालली तर काय, याची तयारी पुढच्या रांगेपर्यंत पोहोचली होती का, हा प्रश्न विचारणे म्हणजे त्या सेनानीचा अनादर नव्हे.

धाडसी निर्णय घेणाऱ्याचे नाव होते आणि त्याची किंमत पलटणीतला जवान मोजतो. यश मिळाले की आपण हा हिशेब मांडत नाही.

वैदेही_चेंबूर

अश्वत्थ यांच्या प्रश्नाला जोडून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील सिल्हेटचा प्रसंग सांगते, कारण त्यात धाडस आणि किंमत या दोन्ही बाजू एकत्र दिसतात, आणि त्याचा नायक एक मराठी माणूस आहे.

७ डिसेंबर १९७१ रोजी ४/५ गोरखा रायफल्सला मी-४ हेलिकॉप्टरमधून सिल्हेटजवळ उतरवण्यात आले. भारतीय सैन्याची ही पहिली हेलिकॉप्टर मोहीम. पलटणीचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल अरुण हरोलीकर. ही पलटण ताजी नव्हती. आटग्राम आणि गाझीपूरच्या लढायांत तिचे बरेच अधिकारी आणि जवान कामी आले होते. सिल्हेटमध्ये शत्रूचे बळ फारसे उरलेले नाही, या अंदाजावर कोअरप्रमुखांनी ही उडी घ्यायला लावली. तो अंदाज चुकीचा निघाला. तिथे मोठी फौज होती आणि तिच्यात आणखी एक ब्रिगेड येऊन मिळाली. दोन दिवसांत जमिनीवरून कुमक येईल असे सांगितले होते, पण ती यायला आठवडा उलटून गेला. तोवर चारशेच्या आत-बाहेर माणसे अन्न आणि दारूगोळा पुरवून वापरत उभी राहिली.

हरोलीकरांनी केले काय, तर आपली माणसे अशी पसरून ठेवली की शत्रूला समोर पलटण नसून ब्रिगेडच आहे असे वाटावे. रेडिओवरील बातम्यांतूनही ब्रिगेड उतरल्याचे सांगितले गेले आणि तो समज पक्का झाला. अखेरीस तीन ब्रिगेडियर आणि हजारो सैनिक शरण आले. हरोलीकरांना महावीरचक्र मिळाले.

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. घरी हा विषय निघाला की ते एवढेच म्हणत की, सगतसिंगांना पुढच्या अधिकाऱ्याची पारख होती म्हणून ते असा जुगार खेळू शकले. माझ्या मते अश्वत्थ यांच्या आक्षेपाचे अर्धे उत्तर यात आहे. उरलेले अर्धे उत्तर माझ्याकडे नाही.

जुना_गिरगावकर

मी त्या डिसेंबरात महाविद्यालयात होतो. आमच्या चाळीत खिडक्यांच्या काचांना काळा कागद खळीने चिकटवला होता, आणि संध्याकाळ झाली की जिन्यातल्या दिव्याला पुठ्ठ्याची टोपी घालण्याचे काम आम्हा मुलांकडे असे. मुंबईकरांचे सारे लक्ष तेव्हा समुद्राकडे आणि आरमाराकडे होते. पूर्वेकडील गावांची नावे आम्हाला रेडिओवरील बातम्यांमधून कळत. आखाउडा पडले, ब्राह्मणबाडिया घेतले, एवढे ऐकून आम्ही शाळेचा नकाशा उघडून बसत असू. त्या दिशेच्या सैन्याचा सेनापती कोण, हे आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते. मानसीताईंनी म्हटलेली खंत म्हणूनच मला पटते.

गोव्याची आठवण मात्र अधिक जवळची आहे. धोबीतलावच्या परिसरात गोवेकरांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांची सामायिक निवासस्थाने होती, तिथे १९ डिसेंबर १९६१ च्या दिवशी लोक रस्त्यावर येऊन एकमेकांना मिठ्या मारत होते. पणजीत पहिल्यांदा शिरले ते सैन्य सगतसिंगांचे, हे मला पुढे अनेक वर्षांनी वाचनातून कळले.

सागरिका_ठाणे

हवाई दलाचे ग्रुप कॅप्टन चंदनसिंग यांचा उल्लेख अजून कोणीच कसा केला नाही? मेघनेची गोष्ट त्यांच्याशिवाय अपुरी आहे.

नकाशाप्रेमी

सागरिकाताई, अगदी योग्य. तोच भाग लिहायला घेत होतो.

मूळ योजनेत ५७ व्या डिव्हिजनला आखाउडा घेतल्यावर दक्षिणेकडे वळायचे होते. ५ डिसेंबरला आखाउडा पडले. सगतसिंगांनी पाहिले की शत्रू मोडून पश्चिमेकडे, आशुगंजच्या पुलाकडे मागे सरकतो आहे. त्यांनी मेजर जनरल गोन्साल्विस यांच्या या डिव्हिजनची दिशा बदलली आणि तिला आशुगंजकडे वळवले. ९ डिसेंबरला आपले सैन्य पुलापाशी पोहोचले, तेव्हा पाकिस्तानी सैन्याने तो मोठा रेल्वेपूल उडवून दिला. त्या दिवशी आशुगंजमध्ये आपल्या तुकड्यांना जोराचा प्रतिकार झाला आणि नुकसानही सोसावे लागले. समोर अफाट पात्राची मेघना, पूल तुटलेला, पलीकडे भैरवबाजारला पाकिस्तानच्या चौदाव्या डिव्हिजनचा तळ. कागदावर पाहिले तर चौथ्या कोअरचे काम इथे संपले होते.

सगतसिंगांनी भैरवबाजारवर समोरून हल्ला केला नाही. एक ब्रिगेड तिथे शत्रूला गुंतवून ठेवण्यासाठी ठेवली आणि दक्षिणेला रायपुरा येथे नदीपार माणसे उतरवायला सुरुवात केली. यासाठी हवाई दलाची मी-४ हेलिकॉप्टर होती. एका फेरीत डझनभर सज्ज जवान नेणारी ही जुनी यंत्रे होती. उतरण्याची जागा टॉर्चच्या उजेडाने दाखवली जात होती. चंदनसिंगांनी आणि त्यांच्या वैमानिकांनी दिवस-रात्र फेऱ्या मारून पायदळ आणि हलक्या तोफा पलीकडे नेल्या. पहिल्यांदा उतरली ती ४ गार्ड्स ही पायदळाची पलटण. चंदनसिंगांना या कामगिरीबद्दल महावीरचक्र मिळाले. बाकीचे सैन्य स्थानिक होड्यांतून उतरले. गावकरी आणि मुक्तिवाहिनीचे लोक सामान वाहून नेत होते, पूर्व बंगालची सामान्य माणसे होड्या वल्हवत होती. आपण सेनापतींची नावे घेतो तेव्हा या वल्ह्यांनाही त्यात जागा असावी असे मला मनापासून वाटते.

परिणाम असा झाला की भैरवबाजारची ती पाकिस्तानी डिव्हिजन शेवटपर्यंत तिथेच अडकून पडली आणि ढाक्याच्या बचावाला उपयोगी पडली नाही. तिच्या बाजूने वळसा घालून आपले सैन्य नरसिंगदीमार्गे ढाक्याच्या वेशीपर्यंत गेले.

यात एक मुद्दा नजरेतून सुटतो. हेलिकॉप्टरचा हा वापर अचानक सुचलेला नव्हता. युद्धाच्या आधीच्या महिन्यांत चौथ्या कोअरने पायदळाला हेलिकॉप्टरमध्ये चढण्या-उतरण्याचा सराव दिला होता. त्रिपुरासारख्या अरुंद रस्त्यांच्या प्रदेशात तीन डिव्हिजनांचा दाणागोटा, तोफा आणि इंधन साठवण्याचे प्रचंड कामही आधीच झाले होते. संधी समोर आली तेव्हा ती घेण्याची साधने हाताशी होती, ती या तयारीमुळे.

अश्वत्थ

नकाशाप्रेमी, आपले विवेचन उत्तम आहे आणि तयारीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. तरीही एक नोंद करणे आवश्यक वाटते. १६ डिसेंबरच्या सकाळी ढाक्यात प्रथम शिरले ते सैन्य उत्तरेकडून आलेले होते. टांगाईलला ११ डिसेंबरला हवाई छत्रीने उतरलेली २ पॅरा आणि तिच्याशी येऊन मिळालेली ९५ वी ब्रिगेड ही १०१ कम्युनिकेशन झोन या चौथ्या कोअरबाहेरच्या सैन्यरचनेची तुकडी होती. ढाक्याचे सारे श्रेय मेघना ओलांडण्याला देणे हा त्या माणसांवर अन्याय ठरेल. शिवाय आदेशापलीकडे जाणाऱ्या सेनानीमुळे वरच्या मुख्यालयाला आपले राखीव सैन्य, रसद आणि विमाने यांची मांडणी बदलावी लागते. एकाने असे केले तर ते तेजस्वी दिसते, पण प्रत्येक कोअरप्रमुखाने केले तर युद्ध कोण चालवणार?

दर्यावर्दी

मी व्यापारी जहाजांवर कप्तान होतो. सैन्य आणि व्यापारी नौकानयन यांची तुलना करायची नाही, फक्त अश्वत्थ यांच्या शेवटच्या प्रश्नावर अनुभवातून लिहितो.

कंपनीचे आदेश कप्तानाकडे असतातच, तरी जहाजाच्या सुरक्षेचा अंतिम निर्णय कायद्यानेच त्याच्या हाती दिलेला आहे. वादळ टाळण्यासाठी मी ठरलेला मार्ग सोडला, तर मला कोणाची परवानगी लागत नाही. मात्र मी लगेच कळवायचे, वहीत नोंद करायची आणि बंदरात पोहोचल्यावर जाब द्यायला स्वतः उभे राहायचे, हे बंधन असते. सगतसिंगांनी वरिष्ठांपासून काही लपवले असे कुठेही दिसत नाही. मेघना ओलांडताना पूर्व विभागाच्या मुख्यालयाशी त्यांचे मतभेद झाले असतील, पण आपण काय करत आहोत हे त्यांनी वर कळू दिले आणि त्याची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली. लपवून केलेली गोष्ट आणि सांगून केलेली गोष्ट यांत मी फार मोठा फरक करतो.

पलटणवाला

दर्यावर्दी साहेबांनी माझ्या मनातले लिहिले.

अश्वत्थ, टांगाईलच्या २ पॅराबद्दल आपण लिहिलेत ते शंभर टक्के खरे आहे. ही तीच मराठ्यांची पलटण, जी १९६१ मध्ये गोव्यात सगतसिंगांच्या हाताखाली उसगावमार्गे फोंड्याकडे गेली होती. तेव्हा ती कोणत्याही कोअरखाली असो, तिच्या अंगी मुरलेल्या चपळतेत थोडा वाटा त्या ब्रिगेडच्या जुन्या शिकवणीचा असणार, असे मी तरी मानतो. ढाका पडण्यात सर्व दिशांचा वाटा आहे. उत्तरेची वाट जलद मोकळी झाली, त्याला पूर्वेकडे अडकलेले शत्रूचे सैन्य हेही एक कारण होते.

गोव्यातील एक बारीकसा तपशील मला फार आवडतो. पणजीत शिरताना सगतसिंगांनी जवानांना पोलादी शिरस्त्राणे उतरवून पॅराशूट रेजिमेंटची मरून टोपी घालायला सांगितले. लोकांसमोर आपण मुक्तिदाते म्हणून जातो आहोत, लढाई संपली आहे, हे घराघरांतून पाहणाऱ्यांना एका दृष्टिक्षेपात कळावे, असा अर्थ मी त्यातून काढतो. ती टोपी त्यांनी स्वतःही नुकतीच कमावली होती. चाळिशी ओलांडल्यावर ते या ब्रिगेडचे प्रमुख झाले, तेव्हा ते छत्रीधारी नव्हते. जवानांसारख्याच उड्या मारून त्यांनी ती पात्रता मिळवली. वयाचे आणि हुद्द्याचे कारण सांगून टाळता आले असते.

मानसी_दादर

सर्वांच्या प्रतिसादांमुळे मूळ प्रश्न मला अधिक स्वच्छ दिसू लागला आहे. जमीन स्वतः पाहिलेली असणे, आधी तयारी केलेली असणे, वरिष्ठांना अंधारात न ठेवणे, या गोष्टी त्यांच्या बाजूने जातात. अश्वत्थ यांनी मांडलेला जवानांच्या प्राणांचा हिशेब मात्र मला सोडून देता येत नाही.

आणखी एक गोष्ट जाणकारांना विचारते. १९७१ नंतर त्यांना पद्मभूषण मिळाले, पण युद्धातील शौर्याचे पदक मिळाले नाही, आणि १९७६ मध्ये ते त्याच हुद्द्यावरून निवृत्त झाले. स्वतंत्र बुद्धीची ही किंमत मानावी का?

वैदेही_चेंबूर

कोअरप्रमुखाच्या पातळीवर शौर्यपदकाची अपेक्षा एरवी नसते. परंतु त्यांच्या हेलिकॉप्टरवर झालेला गोळीबार पाहता इथे वेगळा विचार होऊ शकला असता, असे मला वाटते. लष्करप्रमुखपदाबाबत मी तर्क करणार नाही. ते २००१ मध्ये गेले, तेव्हा आपल्याकडील किती मराठी वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर चार ओळी लिहिल्या असतील, हा विचार मला पदकापेक्षा अधिक अस्वस्थ करतो.

अश्वत्थ

मानसीताई, माझ्या आक्षेपाचा मथितार्थ आपण नेमका पकडलात. या चर्चेनंतर मी एवढे म्हणेन की १९६५ चा नथु लाचा निर्णय मला निर्विवाद वाटतो, कारण त्यात जागेचे मोल त्यांनी वरच्या मुख्यालयापेक्षा अचूक ओळखले होते आणि जेलेप लाचे उदाहरण शेजारीच आहे. मेघनेबाबतही मी बहुतांशी सहमत आहे. सिल्हेटबाबत नाही. तिथे चुकीच्या माहितीवर थकलेली पलटण पाठवली गेली, आणि हरोलीकर व त्यांच्या गोरख्यांनी ती चूक स्वतःच्या हिमतीवर सावरली. सगतसिंगांचे मोठेपण मान्य करूनही सिल्हेटचे श्रेय मी त्या पलटणीकडेच ठेवीन.

पलटणवाला

सिल्हेटबाबत मी आपल्याशी वाद घालणार नाही. फक्त एवढे जोडतो की, तो अंदाज चुकल्यावर दोनच दिवसांनी त्याच सेनापतीने त्याच हेलिकॉप्टरांवर विसंबून मेघनेपार माणसे पाठवली, आणि या वेळी आधी स्वतः उडून नदीपलीकडची जमीन पाहिली. नकाशाप्रेमी, रायपुऱ्यापासून नरसिंगदीपर्यंतच्या वाटचालीचा नकाशा आपल्याकडे असल्यास तो इथे अवश्य लावावा. ४ गार्ड्सनी ते अंतर कसे कापले, यावर सविस्तर लिहायची माझी इच्छा आहे.